जाळून जपलेला माळ

कॅन्सस सिटीहून आंतरराज्य महामार्ग ७० धरून पश्चिमेला निघाले की सुरुवातीला मका-सोयाबीनची शेते, ओढ्याकाठची झाडी आणि गावांमागून गावे लागतात. टोपेका मागे पडल्यावर थोड्याच वेळात शेते विरळ होतात, झाडे ओढ्यांच्या तळाशी दडतात आणि दोन्ही हातांना नुसत्या गवताच्या टेकड्या सुरू होतात. सपाट माथ्याच्या, उतारावर चुनखडीच्या आडव्या पट्ट्या उघड्या पडलेल्या या टेकड्यांना फ्लिंट हिल्स म्हणतात. मॅनहटन गावाच्या दक्षिणेला (न्यूयॉर्कचे नव्हे, कॅन्ससमधले विद्यापीठाचे गाव) या टेकड्यांतला सुमारे ८,६०० एकरांचा तुकडा ‘कॉन्झा प्रेअरी’ म्हणून राखलेला आहे. मालकी ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ ही संस्था आणि कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटी यांची, कारभार विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागाचा. काही पायवाटा सर्वांना खुल्या आहेत, आणि आधी ठरवून गेले तर शिकून तयार झालेले स्वयंसेवक बरोबर येऊन माळ दाखवतात. अमेरिकेत काय काय बघावे याच्या आपल्या याद्यांत कॅन्सस बहुधा नसतेच. विमानातून ओलांडायचे राज्य अशी त्याची खुद्द अमेरिकेतही ख्याती आहे. पण गवताळ माळ राखायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न ज्याला पडला आहे त्याला यापेक्षा उपयोगी जागा मला तरी माहीत नाही.

कारण इथला माळ एकसारखा नाही, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे. एका उतारावर गुडघ्याएवढे, स्वच्छ, एकजात गवत. शेजारच्याच उतारावर डॉगवूड आणि सुमॅक या झुडपांची दाट बेटे, मधूनमधून जुनिपरचे काळपट हिरवे शेंडे, आणि गवत त्यांच्या सावलीत खुरटलेले. खडक तोच, माती तीच, पाऊसही तोच. फरक एवढाच की पहिला उतार दर वसंतात जाळला जातो आणि दुसरा वीस वर्षांतून एकदा. सगळी कॉन्झा छोट्या छोट्या पाणलोटांत वाटलेली आहे आणि प्रत्येक पाणलोटाला अक्षर-आकड्यांचे नाव आहे. त्यातला आकडा दोन आगींमध्ये किती वर्षांचे अंतर ठेवायचे ते सांगतो: एक, दोन, चार, वीस. लॉइड हलबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९७१ मध्ये इथली पहिली जमीन घेतली गेली. १९७७ मध्ये कॅथरीन ऑर्डवे या दानशूर बाईंच्या पैशातून शेजारचे मोठे कुरण तिला जोडले गेले. १९८०च्या दशकाच्या आरंभापासून इथल्या गवताच्या, फुलांच्या, मातीच्या आणि ओढ्याच्या पाण्याच्या नोंदी खंड न पडता चालू आहेत. मार्गदर्शकाबरोबरची फेरी म्हणजे या प्रयोगातून मारलेली चक्करच असते. आणि त्या चक्करीतून निघणारे म्हणणे मला सरळ मांडायचे आहे: गवताळ माळ कुंपण घालून, हात न लावता राखता येत नाही. त्याला आग लागते, त्याला चरणारी तोंडे लागतात, आणि ही दोन्ही बंद केली तर तो काही वर्षांत माळ राहत नाही.

हे पटायला अवघड जाते, कारण गवत म्हणजे जिथे झाड येऊ शकत नाही तिथे उरलेले काहीतरी, असे आपण गृहीत धरतो. कोरड्या पठारांवर ते काही अंशी खरेही असेल. पण कॉन्झावर वर्षाला सरासरी ८३५ मिलिमीटर पाऊस पडतो. ओक आणि एल्म तिथल्या ओढ्यांच्या काठाने आजही चांगले वाढतात. पावसाच्या हिशेबाने या टेकड्यांवर जंगल व्हायला फारशी हरकत नाही. इथे माळ आहे तो काहीतरी झाडांना सतत मागे रेटत असल्यामुळे. अधूनमधून येणारा दुष्काळ हा त्यातला एक हात. उरलेले दोन म्हणजे आग आणि चराई. उंच गवताचा हा माळ एके काळी कॅनडाच्या सीमेपासून टेक्सासपर्यंत सुमारे १७ कोटी एकरांवर पसरलेला होता, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. आज त्यातला चार टक्क्यांहून कमी उरला आहे आणि त्यातला बहुतेक कॅन्सस-ओक्लाहोमाच्या याच टेकड्यांत आहे. इलिनॉय राज्य स्वतःला प्रेअरीचे राज्य म्हणवते, पण तिथे मूळ प्रेअरी एक दशांश टक्काही राहिलेली नाही. आयोवाचीही तीच गत. तिथे मूळ माळ पाहायचा तर जुन्या वसाहतवाल्यांच्या दफनभूमीत नाहीतर रेल्वेच्या कडेच्या पट्टीत शोधावा लागतो, कारण नांगर नेमका तिथेच फिरला नाही.

नांगराने हे इतक्या झपाट्याने कसे केले, याची गोष्ट अमेरिकन शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. प्रेअरीची काळी चिकट माती लोखंडी फाळाला चिकटून बसे आणि मुळांचे जाळे तुटता तुटत नसे. १८३७ मध्ये जॉन डिअर या लोहाराने इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी फाळ बनवला आणि ती अडचण संपली. १८६२च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली. फ्लिंट हिल्स वाचल्या त्या कोणाच्या शहाणपणामुळे नव्हे, तर पायाखालच्या दगडामुळे. चुनखडीच्या थरांत इथे चकमकीच्या दगडाच्या गाठी आहेत. चुनखडी झिजते, या गाठी झिजत नाहीत, आणि वर मातीचा थर इतका पातळ की फाळ खटकन अडतो. नांगरता येईना म्हणून लोकांनी गुरे चारली. राखण्याचा पहिला मान म्हणून मी या दगडालाच देईन. संस्था, विद्यापीठ आणि सरकार पुष्कळ नंतर आले.

आता गवताकडे वळू. इथली मुख्य चार गवते म्हणजे बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास आणि स्विचग्रास. यातली पहिली तीन गवते ज्या कुळगटातली, त्याच गटात आपली ज्वारी, ऊस आणि माळावरची कुसळी येते, मकाही त्यातलाच. तेव्हा आयोवात माळ मोडून जे पीक लावले ते माळाच्याच भाऊबंदांपैकी निघाले, आणि सप्टेंबरात पुरुषभर उंच झालेले, लालसर तांबूस बिग ब्लूस्टेम मराठी डोळ्याला अगदीच परके वाटत नाही. पण ज्वारी एका हंगामात संपते आणि हे गवत वर्षानुवर्षे जगते. त्याचा मोठा संसार जमिनीखाली असतो. नेब्रास्काचे जॉन वीव्हर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खोल चर खणून प्रेअरीच्या मुळांची चित्रे काढली, तेव्हा काही मुळे दहा फुटांपलीकडे गेलेली आढळली. ज्या डोळ्यांतून नवे कोंब फुटतात ते जमिनीलगत किंवा तिच्या आत असतात. म्हणून वरचे सगळे जळले, चरले किंवा कापले गेले तरी गवताचे मूळ भांडवल शाबूत राहते. झाडाचे तसे नाही. त्याचे वाढीचे टोक वर, हवेत, आगीच्या उंचीवर असते.

जळाल्याने गवताचे नुसते चालून जाते असे नाही, ते जोम धरते. प्रेअरीत एका वर्षात उगवलेले गवत त्या वर्षात कुजत नाही. वाळून उभे राहते, मग आडवे होते, आणि दोन-तीन वर्षांत जमिनीवर त्याची जाड गादी साचते. या गादीखाली वसंतातले ऊन पोचत नाही, माती उशिरा तापते आणि नवे कोंब अंधारात अडकतात. मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्याची दिशा पाहून, कडेने आधीच जाळरेषा आखून, पाण्याच्या टाक्या जवळ ठेवून ही गादी जाळतात. आगीची धार एका जागेवरून काही मिनिटांत पुढे सरकते. मातीत दोन-चार बोटे खाली तिची धग फारशी पोचत नाही. काळ्या पडलेल्या जमिनीवर ऊन सरळ पडते, ती लवकर तापते आणि थोड्याच दिवसांत तिच्यावर हिरवी पोपटी लव दिसू लागते. जाळलेल्या उतारावर त्या हंगामात न जाळलेल्यापेक्षा गवत जास्त येते, हे कॉन्झावर वर्षानुवर्षे कापून, वाळवून, तोलून पाहिलेले आहे.

इथे मराठी वाचक साहजिकच अडेल. उसाचे पाचट जाळू नका, मातीचा कस जातो, असे आपल्या शेतकऱ्याला कृषी खाते किती वर्षे सांगते आहे. सह्याद्रीतल्या वणव्यांनी किती नुकसान होते ते दर उन्हाळ्यात दिसते. मग गवत जाळणे चांगले कसे? आक्षेप रास्त आहे, पण तो वेगळ्या जागेचा आहे. उसाच्या रानातून आपण दर वर्षी कारखान्याला टनावारी माल देतो. उरलेले पाचटही जाळले तर मातीकडे परत जायला फार थोडे राहते. प्रेअरीत जे जळते ते वरचे वाळलेले गवत; मातीतला कार्बन आणि कस मुख्यतः मुळांनी घातलेला असतो आणि मुळे जळत नाहीत. आगीत नत्र उडून जाते हे खरे आहे, पण ही गवते कमी नत्रावर भागवण्यात तरबेज आहेत. आणि वेळ महत्त्वाची आहे. वणवा कधी, कुठे, कोणत्या वाऱ्यात लागेल हे कोणी ठरवत नाही. इथे मात्र जाळायचा दिवस आर्द्रता आणि वारा मोजून ठरतो आणि तो जमला नाही तर पुढे ढकलला जातो. भातासाठी राब जाळणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

आग थांबवल्यावर काय होते, हे त्या वीस वर्षांच्या पाणलोटांत उघड्या डोळ्यांना दिसते. जुनिपरचे रोप लहान असताना आगीत मरते आणि पुन्हा फुटत नाही. पण आग चुकली आणि ते डोक्याएवढे झाले की त्याच्या सावलीत गवत मरते आणि मग आगीला इंधनच उरत नाही. डॉगवूड आणखी चिवट. ते जमिनीखालून धुमारे सोडत बेटासारखे पसरते. वरचे जळाले तरी खालून पुन्हा फुटते आणि बेट पुरेसे मोठे झाले की आग त्याच्या कडेला येऊन विझते. साधारण तीन वर्षांपेक्षा जास्त अंतराने जाळले तर झुडपे जिंकतात, असा कॉन्झाच्या नोंदींचा निष्कर्ष आहे. त्याहून मोठी गोष्ट ही की एकदा झुडपांनी ठाण मांडले की मागाहून दर वर्षी आग लावूनही ती हटत नाहीत. ‘आता राहू दे, पुढे बघू’ हा पर्याय म्हणूनच मला सर्वांत महाग वाटतो. आणि पाण्याचे पाहा. कॉन्झातून वाहणाऱ्या किंग्ज क्रीक ओढ्याचा प्रवाह कित्येक दशके मोजला जातो आहे. पाऊस घटलेला नसताना ओढ्याचे पाणी घटत गेले आहे, आणि संशोधक त्याचे मोठे कारण काठाने आणि उतारावर वाढलेल्या झाडोऱ्यात पाहतात. झुडपांची मुळे गवतापेक्षा खोलवरचे पाणी उपसतात. झाड लावले की पाणी आपोआप वाढते असे मानणाऱ्यांनी हा ओढा जरूर पाहावा.

पण नुसत्या आगीवर माझे म्हणणे उभे केले तर ते अर्धे राहील. दर वर्षी जाळलेल्या आणि कोणी न चरलेल्या पाणलोटात गवत भरपूर येते, पण तीच ती तीन-चार गवते. फुलझाडे मागे पडतात. कॉन्झावर वनस्पतींच्या सुमारे सहाशे जाती आहेत आणि त्यातली गवते थोडीच. उरलेल्या बहुतेक जाती फुलणाऱ्या रानवनस्पतींच्या. त्यांना जागा करून देतो तो बायसन. एके काळी कोट्यवधींच्या संख्येने असलेला हा प्राणी कातड्याच्या व्यापारात १८८०च्या दशकाअखेर हजाराच्या आतबाहेर उरला होता. कॉन्झावर तो १९८७ मध्ये परत आणला गेला. आता कळप तीनशेच्या आसपास असतो. बायसन गवत खातो, फुलझाडांना सहसा तोंड लावत नाही. उंच गवत खाली आले की ऊन तळाशी पोचते. त्याच्या मुतण्याने मातीत नत्राचे ठिपके पडतात. तो धुळीत लोळतो तिथे बशीच्या आकाराचे खळगे होतात, वसंतात त्यात पाणी साचते आणि आजूबाजूला न दिसणाऱ्या वनस्पती तिथे उगवतात. बायसन असलेल्या भागांत स्थानिक वनस्पतींच्या जाती जवळपास दुप्पट झाल्या आणि २०१२च्या आसपासच्या तीव्र दुष्काळातही ही वाढ टिकली, असे सुमारे तीस वर्षांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाळीव गुरांनीही जाती वाढवल्या, पण पुष्कळ कमी. आणि आग व चराई एकमेकांना बांधलेल्या आहेत: बायसन ताज्या जाळलेल्या जागेवरचे कोवळे गवत शोधत जातो, जिथे तो चरतो तिथे जळायला काही उरत नाही, आग मग दुसरीकडे जाते, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तोही तिकडे. माळाचे हे फिरते ठिगळकाम कुंपणाच्या आत बसवणे सोपे नाही, पण कॉन्झावर निदान त्याची रीत कळते.

यावर एक तात्त्विक आक्षेप नेहमी येतो: माणसाने काडी लावायची, माणसाने जनावरे आणून सोडायची, शरद ऋतूत तीच गोळा करून मोजायची, टोचायची, जास्तीची विकायची, मग याला निसर्ग कशाला म्हणायचे, ही तर मोठी बाग झाली. मला हा आक्षेप दिसतो तितका वजनदार वाटत नाही. हिमयुग ओसरल्यावर उंच गवताचा माळ इथे जमला तेव्हा माणूस आधीपासून होता. शिकारीसाठी, चाऱ्यासाठी, वाट मोकळी ठेवण्यासाठी तो गवत जाळत आला. ज्या कान्सा लोकांवरून राज्याला कॅन्सस आणि या माळाला कॉन्झा म्हणतात, त्यांना १८७३ मध्ये इथून उठवून ओक्लाहोमात पाठवले गेले. म्हणजे माणसाने कधी न शिवलेला मूळ माळ असा कुठे नव्हताच, ज्याच्याकडे परत जाता येईल. उलट विजेने लागलेली आग जी पूर्वी मैलोगणती धावली असती, ती आज पहिल्या डांबरी रस्त्यापाशी थांबते. अशा जागी काही न करणे हाही माणसाचाच निर्णय असतो. फक्त त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. माळ जपणाऱ्या फलकांवर कान्सा लोकांचे नाव आदराने लिहिलेले असते आणि जमीन मात्र त्यांची नसते, ही बोच वेगळी, आणि ती कोणत्याही आगीने पुसली जाणार नाही.

खरे वजन आहे ते दुसऱ्या दोन आक्षेपांना. एक धुराचा. फ्लिंट हिल्समधले पशुपालक एप्रिलमध्ये लक्षावधी एकर जवळजवळ एकाच वेळी जाळतात, कारण जाळलेल्या कुरणावर वासरांचे वजन लवकर वाढते. तो धूर कॅन्सस सिटीपर्यंत, कधी नेब्रास्कातल्या लिंकन-ओमाहापर्यंत जातो आणि तिथल्या हवेतला ओझोन मर्यादेबाहेर नेतो. दम्याच्या रुग्णाला ‘माळ वाचतो आहे’ हे उत्तर पुरत नाही. यावर २०१० मध्ये धुराच्या नियोजनाची योजना झाली. कोणत्या दिवशी कोणत्या भागातला धूर कुठे जाईल याचा अंदाज पशुपालकांना मिळू लागला, आणि त्याने प्रश्न हलका झाला, संपला नाही. दुसरा आक्षेप पक्ष्यांचा. हेन्स्लोची चिमणी मागच्या वर्षीच्या वाळक्या गवतात घरटे करते. जाळलेल्या उतारावर त्या वर्षी ती नसतेच. ग्रेटर प्रेअरी चिकन हा वसंतात मानेच्या नारिंगी पिशव्या फुगवून नाचणारा पक्षी. त्याला नाचायला आखूड गवत आणि अंडी घालायला उंच आडोसा लागतो. सगळी कुरणे दर वर्षी जाळून त्यांवर लगेच भरपूर गुरे सोडली की आडोसा संपतो. ‘जाळा’ एवढे सांगून भागत नाही ते यामुळेच. माळाचा एक भाग या वर्षी, दुसरा पुढच्या, तिसरा त्यापुढच्या, अशी आळीपाळी हवी. मूळची आग आणि मूळचा बायसन तेच करत असणार. पशुपालकाला ती परवडावी लागते, ही त्यातली मेख.

पशुपालकांबद्दल शहरी निसर्गप्रेमी तुसडेपणाने बोलतात ते मला अन्यायाचे वाटते. हा माळ शंभर-सव्वाशे वर्षे टिकला तो त्यांच्या काडीपेटीमुळे आणि गुरांमुळे. त्यांना सरकारचे राष्ट्रीय उद्यान नको होते, हेही खरे. १९६१ मध्ये अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्यूअर्ट युडॉल उद्यानासाठी जागा बघायला हेलिकॉप्टरने उतरले, तेव्हा तिथे गुरे चारणाऱ्याने त्यांना जमिनीवरून निघून जायला सांगितले, आणि मंत्रिमहोदय गेलेही. पुढे १९९६ मध्ये, बऱ्याच दक्षिणेला चेस काउंटीत, जवळपास ११,००० एकरांचे ‘टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय राखीव क्षेत्र’ झाले. तेही या अटीवर की राष्ट्रीय उद्यान सेवेने १८० एकरांपेक्षा जास्त जमीन आपल्या नावावर करायची नाही. उरलेली जवळजवळ सगळी नेचर कॉन्झर्व्हन्सीच्या मालकीची आहे. मालकी एकाची, देखरेख दुसऱ्याची, गुरे तिसऱ्याची आणि २००९ पासून बायसनही: कागदावर गोंधळाचा दिसणारा हा कारभार चालतो आहे.

गेला तर पुन्हा पेरू, असेही काही जण म्हणतात. पेरता येतो, पण किती? विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनच्या विद्यापीठाने १९३०च्या दशकात आल्डो लिओपोल्ड यांच्या काळात जुन्या शेतजमिनीवर प्रेअरी लावायला घेतली. कर्टिस प्रेअरी म्हणून ती आजही आहे आणि आगीचे कित्येक धडे तिथेच पहिल्यांदा गिरवले गेले. शिकागोजवळच्या फर्मिलॅब या प्रयोगशाळेत अणूतले कण धावायच्या वर्तुळाच्या आत रॉबर्ट बेट्झ यांनी १९७५ पासून प्रेअरी पेरली. असल्या जागी गवत लावण्याची कल्पना मला भारीच आवडते. दोन्ही प्रयोग कौतुकाचे. तरीही इतक्या वर्षांनंतर लावलेला माळ न मोडलेल्या माळाच्या बरोबरीला आलेला नाही. काही वनस्पती येतच नाहीत, आणि मातीतल्या ज्या बुरश्या आणि जंतू मुळांशी सोयरीक करतात त्यांना परत बोलवायची रीत अजून पुरती साधलेली नाही. राखणे हे पुन्हा उभारण्यापेक्षा नेहमीच स्वस्त, एवढा हिशेब त्यातून निघतो.

इथवर आल्यावर आपल्याकडच्या माळाचा विचार टाळता येत नाही. सोलापूर, अहिल्यानगर, पुण्याचा पूर्व भाग, सातारा-सांगलीचा दुष्काळी पट्टा, इथली माळराने सरकारी दप्तरात बहुधा पडीक म्हणून लागतात. पडीक म्हणजे उपयोगाला लावायची, आणि उपयोग म्हणजे झाडे. राज्यात २०१६ मध्ये दोन कोटी, पुढे चार, मग तेरा आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी रोपांची उद्दिष्टे जाहीर झाली. माळावर खड्डे खणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावणे त्याच्याही आधीपासून चालत आले आहे. नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. माळढोक तिथे आता जवळजवळ दिसेनासा आहे. त्याची कारणे अनेक आहेत, पण उघड्या माळावर झाडोरा वाढवून उघड्या माळावरचा पक्षी वाचत नाही, हे सांगायला कॅन्ससला जायची गरज पडू नये. मात्र कॉन्झाचे आकडे उचलून इथे लावण्याच्या मी विरुद्ध आहे. आपल्याकडे पावसाचे चार महिने आणि उरलेला काळ कोरडा, माती वेगळी, गवते वेगळी, आणि बायसनच्या जागी धनगरांची मेंढरे व गावची गुरे. किती वर्षांनी जाळायचे, जाळायचेच का, मेंढरे कधी न्यायची आणि कधी थांबवायची, याची उत्तरे इथल्याच माळावर, तितक्याच चिकाटीने, चाळीस-चाळीस वर्षे मोजून काढावी लागतील. तोवर निदान खड्डे खणणे थांबवावे आणि मेंढपाळाला माळाचा शत्रू म्हणून हाकलू नये.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे जाणाऱ्यांना एक सांगणे. कॅन्सस सिटीहून कॉन्झा मोटारीने दोन तासांवर आहे. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर काळ्या टेकड्या आणि कोवळी हिरवळ दिसेल, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलात तर गवत डोक्याच्या वर असेल. पायवाट सोडायची नाही, कुत्रा न्यायचा नाही, उन्हाळ्यात गोचिडांची काळजी घ्यायची, आणि मार्गदर्शक हवा असेल तर वेळ आधी मागून घ्यायची. फुले आणि बायसन तो दाखवेलच. त्याला दर वर्षी जाळलेला आणि वीस वर्षांनी जाळलेला असे दोन पाणलोट एकाच ठिकाणाहून दाखवायला सांगा, आणि ते पाहून झाल्यावर मग ठरवा की माळाला हात लावायचा की नाही.